पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने, यांपैकी जे आधी होईल ते

मी, खाली सही करणारी, तळमजल्यावर राहणारी, धंद्याने गाड्यांची सीट-कव्हरं शिवणारी बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पेनाने आणि जवळचा चष्मा लावून लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. स्मरणशक्ती तर गरजेपेक्षा जास्तच शाबूत आहे, असं घरातले म्हणतात. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. वकीलसाहेब समोर बसून सारखे घड्याळ बघत आहेत, पण त्याला कायद्यात दबाव म्हणत नाहीत असं त्यांनीच सांगितलं.

येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "घाबरायचं काही कारण नाही आजी, आमचं रोजचं काम आहे." आमचा मिस्त्रीही गिअरबॉक्स उतरवताना हेच म्हणतो आणि मग सगळं बसवून झाल्यावर दोन नट हातात उरतात. म्हणून जे आहे ते लिहून ठेवलेलं बरं.

कलम १. यापूर्वी मी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. ते मी रागाच्या भरात लिहिलं होतं. त्यात माझ्या धाकट्या जावेच्या नावापुढे "तिला काय ते कळेल" एवढंच ठेवलं होतं. वकीलसाहेब म्हणाले, ही मालमत्ता होत नाही.

कलम २. घराचा तळमजला, म्हणजे पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर आणि मागची मोरी, हे सगळं माझ्या एकुलत्या एक मुलाला द्यावं. वरचा मजला जावेचा आहे, त्याच्याशी माझा संबंध नाही. पाणी गळतं तेवढाच.

मुलाबद्दल थोडं लिहिणं भाग आहे. तो परगावी असतो. गेल्या खेपेला तो विजेवरची गाडी घेऊन आला. मी कौतुकाने बॉनेट उघडायला लावलं, तर आत इंजिनच्या जागी त्याची कपड्यांची बॅग. मी विचारलं, "तेल कुठे घालतोस?" तो म्हणाला, "आई, हिला इंजिन ऑइल लागतच नाही." एवढ्यावर थांबला असता तरी मी गिळलं असतं. पण पुढे म्हणाला, "आपल्या जुन्या गाडीचंही इंजिन काढून टाकू आणि बॅटऱ्या बसवू. हल्ली करून देतात." मी त्या दिवशी जेवले नाही. तरी घर त्यालाच. पोटचा आहे, त्याला इलाज नाही.

कलम ३. बँकेतली ठेव मुलालाच. तसंच या कागदात ज्याचा उल्लेख राहिला असेल किंवा काही कारणाने जे ज्याला दिलं त्याला मिळू शकणार नाही, तेही सगळं मुलाला. हे वाक्य वकीलसाहेबांनी घालायला लावलं. मला ते फारसं पटलेलं नाही, पण त्यांचा चहा गार होत होता.

कलम ४. माझं जाड कापडाचं शिवणयंत्र आणि मोठी कात्री समोरच्या बॅगवाल्याला द्यावी. माणूस कामाचा आहे. मात्र त्याने एकदा माझ्या नजरेसमोर या कात्रीने पुठ्ठा कापला होता. पुन्हा तसं करताना दिसला तर कात्री काढून घ्यावी आणि यंत्र राहू द्यावं. यंत्राचा काही दोष नाही.

कलम ५. आता गाडी. वकीलसाहेब म्हणाले, दोन ओळींत आटपा. दोन ओळींत आटपण्यासारखी असती तर माझा आणि जावेचा अबोला सात वर्षं चालला नसता.

गाडी फिक्या निळ्या रंगाची, चार दारांची आहे. त्यातलं मागचं डावं दार आतूनच उघडतं. सीट-कव्हरं अर्थातच माझी. गाडी माझ्या यजमानांनी आणि माझ्या दिरांनी मिळून घेतली. दोघे भाऊ एका ताटात जेवणारे, कपडे एकमेकांचे घालणारे. वाकडं आलं ते फक्त इंजिन ऑइलवरून. आमच्या ह्यांचं मत असं की तेल दर पाच हजार किलोमीटरला किंवा दर सहा महिन्यांनी बदलायचं, यांपैकी जे आधी होईल ते, आणि तेल घालायचं ते चांगलं घट्ट. भावजींचं मत असं की गाडीबरोबर पुस्तक आलं आहे, पुस्तकात दहा हजार आणि एक वर्ष लिहिलं आहे, तेल पातळ सांगितलं आहे, आणि ज्यांनी गाडी बनवली त्यांना आपल्यापेक्षा थोडं जास्त कळत असावं.

हे म्हणायचे, "पुस्तक लिहिणाऱ्याने आपल्या गल्लीतली धूळ पाहिली आहे का?" भावजी म्हणायचे, "दादा, तू पान चाळीस तरी वाच." असं दर रविवारी, बॉनेट उघडून, दोघे दोन बाजूंना कोपरं टेकून. मध्ये ऑइलची कांडी. एकाने पुसायची, बुडवायची, उजेडात धरायची. दुसऱ्याने तीच काढून तिचाच वेगळा अर्थ सांगायचा. जेवायला हाका मारून आमचे घसे बसायचे.

पुढे दोघेही गेले, आधी हे, मग वर्षाच्या आत भावजी. गाडी आम्हा दोन जावांच्या नावावर निम्मी निम्मी झाली. एक महिना माझ्याकडे, एक महिना तिच्याकडे. एक तारखेला किल्ली जिन्याच्या खिळ्याला लावायची, असं ठरलं.

माझी जाऊ ग्रंथपाल होती. छापलेलं ते खरं, अशी तिची ठाम समजूत. एकदा आम्ही दोघी गाडीतून लग्नाला निघालो होतो आणि गाडी भर चौकात बंद पडली. ती म्हणाली, "वहिनी, हे तुमच्या घट्ट तेलामुळे." मी म्हणाले, "तुझ्या जुन्या तेलामुळे. भावजींनी जन्मभर पुस्तक उघडलं, बॉनेट ह्यांनाच उघडावं लागलं." मग तीही ह्यांना काय काय बोलली. मागचे हॉर्न वाजवत होते, आम्ही बोलत होतो. शेवटी मिस्त्री आला, त्याने किल्ली फिरवून काटा पाहिला आणि पेट्रोल संपलंय म्हणाला. पण तोवर दोघींचंही बोलून झालं होतं. तेव्हापासून अबोला.

अबोला म्हणजे अगदी पक्का. तिला काही सांगायचं असेल तर मी मिस्त्रीला सांगते, त्याचं गॅरेज घराला लागूनच आहे. तीही त्यालाच सांगते. "वहिनींना सांग, नळ उघडा राहिलाय." एक आहे, बोलत नसली तरी वहिनी म्हणायचं तिने सोडलं नाही.

लोक मला विचारतात, एका तेलावरून एवढं काय? ह्यांचे कपडे वाटले, चष्मा दिला, खुर्चीसुद्धा मुलगा घेऊन गेला. ह्यांचं म्हणून घरात एकच मत शिल्लक राहिलं होतं. ते मी सोडणार नव्हते. आणि खरं सांगायचं तर मला ह्यांची आठवण तेल बदलताना येते. एरवीही येते, पण एरवी काही करता येत नाही.

कलम ६. मिस्त्रीला काहीही देऊ नये. त्याची कारणं तपशीलवार देते, कारण तो साक्षीदार म्हणून सही करणार आहे आणि सही करताना त्याला वाचावं लागेल.

महिना माझा आला की मी एक तारखेलाच गाडी त्याच्याकडे लावते आणि जावेचं पातळ तेल काढून आपलं घट्ट तेल घालून घेते. तिचं तेल दहा हजारांच्या वाटेवर असणार, त्यावर विश्वास कोण ठेवणार? हे मी गुपचूप करत होते. आज सकाळी त्याला सहीला बोलवायला गेले तर तो हात पुसत पुसत म्हणाला, "मोठ्या काकू, ऑपरेशनच्या आधी एक सांगून टाकू का? रागवायचं नाही."

"आधी सांग. रागाचं मी बघते."

"तुमच्या गाडीचं काढलेलं तेल मी फेकत नाही. माझ्या टेम्पोत घालतो."

"माझं तेल?"

"तुमचं पण आणि धाकट्या काकूंचं पण. तुम्ही एक तारखेला पातळ काढून घट्ट घालता. पुढच्या एक तारखेला त्या घट्ट काढून पातळ घालतात. पुस्तकाप्रमाणे पाहिजे म्हणतात. महिन्याभरात तुमची गाडी जाते कुठे? भाजी, दवाखाना, वाचनालय. तेल मधासारखं निघतं हो. ओतून टाकायचं जिवावर येतं."

म्हणजे दहा हजारांची वाट बघणारी बाई दर खेपेला तेल बदलत होती आणि पाच हजारांचा आग्रह धरणारी मी तीनशेला बदलत होते. मी खाली त्याच्या स्टुलावर बसले. बसल्या बसल्या विचारलं, "मग टेम्पोला कोणाचं तेल मानवतं? खरं सांग."

"मी दोन्ही मिसळतो," तो म्हणाला. "झकास पळतो."

मी त्याला म्हणाले, तू या धंद्यातला माणूस, मग खरं तरी सांग, तेल किती दिवसांनी बदलायचं? तो म्हणाला, ते तेल कुठलं आणि गाडी कशी चालते त्यावर आहे. धुळीत, गर्दीत, थोड्या थोड्या अंतरावर चालली तर लवकर. लांबच्या मोकळ्या रस्त्यावर चालली तर पुस्तकाप्रमाणे. नुसती उभी राहिली तरी वर्षातून एकदा बदलायचंच, तेल बसूनही जुनं होतं. मध्ये मध्ये कांडी बघत राहायची. म्हणजे आमचे हेही बरोबर आणि भावजीही बरोबर. असलं उत्तर ऐकायला मी गेले नव्हते.

सबब मिस्त्रीला काही नाही. इतकी वर्षं आमच्या भांडणावर त्याचा टेम्पो चालला, तेवढं पुरे.

कलम ७. गाडीतला माझा निम्मा हिस्सा. हे ठरवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. मुलाला दिला तर तो इंजिन काढील. बॅगवाल्याला गाडी चालवता येत नाही. विकायला सांगितली तर मला झडपेसकट उठून बसावं लागेल.

म्हणून माझा निम्मा हिस्सा मी माझ्या धाकट्या जावेला देते. अट एवढीच की तेल पाच हजार किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी, यांपैकी जे आधी होईल तेव्हा बदलावं आणि ते घट्ट असावं. ती ही अट पाळणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. पण या जगात तेल बदलण्यावरून जीव टाकणारी माझ्या ओळखीची ती एकच उरली आहे. ह्यांना खोटं पाडायला का होईना, रोज कोणीतरी ह्यांची आठवण काढील. मला तेवढं हवं आहे.

कलम ८. मी गेले तर भाषणं करू नयेत. डॉक्टरांना दोष देऊ नये. त्यांनी नीट समजावलं होतं. नवी झडप बसल्यावर रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यायची, असंही म्हणाले. मी विचारलं, घट्ट ठेवून चालणार नाही का? नाही म्हणाले. हे कलम जावेला वाचून दाखवू नये.

वरील सर्व मजकूर मी वाचला, मला मान्य आहे, खाडाखोड दोन ठिकाणी आहे ती माझीच आहे.

सही: तळमजल्यावरची, मोठी जाऊ

साक्षीदार पहिला: शेजारच्या गॅरेजचा मिस्त्री. काकूंनी माझ्यासमोर सही केली. कलम सहा वाचलं. टेम्पोबद्दल लिहिलेलं खरं आहे. दुसरा साक्षीदार म्हणून कोपऱ्यावरचा औषधवाला येणार होता, पण त्याला दुकान सोडता येईना. वकीलसाहेब फोनवर बोलायला बाहेर गेले होते, म्हणून मी वर जाऊन धाकट्या काकूंना बोलावलं. मला कायदा माहीत नव्हता.

साक्षीदार दुसरी: वरच्या मजल्यावरची धाकटी जाऊ, निवृत्त ग्रंथपाल. मी कोणताही कागद वाचल्याशिवाय सही करत नाही, म्हणून हा पहिल्यापासून वाचला, कलम आठसुद्धा. वाचत होते तेवढा वेळ वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. खिडकीबाहेर भिंत आहे.

दहा हजार किलोमीटर हेच बरोबर आहे, पान चाळीस, एवढं नोंदवून ठेवते.

वकीलसाहेब आत आले आणि त्यांनी मला स्पष्ट सांगितलं की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही घेता येत नाही. मी सही केली तर माझ्या नावचा हिस्सा कलम तीनप्रमाणे मुलाकडे जाईल. तेव्हा वहिनी म्हणाल्या, "अगं, सही करू नकोस. गाडी जाईल." सात वर्षांत त्या माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. आमचा अबोला असल्यामुळे मी ते ऐकलं नाही.

सही विचार करून केली आहे. आता हे मृत्युपत्र लागू झालं तर मुलगा इंजिन काढून बॅटऱ्या बसवणार. ते टाळायचं असेल तर वहिनींना दवाखान्यातून घरी येऊन दुसरं मृत्युपत्र लिहावंच लागेल. मी त्यांना चांगली ओळखते. त्या येतील.

सही: धाकटी जाऊ

स्थळ: तळमजला, पुढची खोली
दिनांक: गुरुवारच्या आधीचा सोमवार, संध्याकाळी, चहा दुसऱ्यांदा केल्यावर