दहाच्या खांद्यावरचा सहा

धरण कॅम्प, ओरिसा
ता. ८ मार्च १९५६

बाई, नमस्कार खाली घालतो, आधी हे सांग की तू गुणवंतरावाले काऊन सांगितलं, माहा भाऊ हँडल फिरवते म्हणून? अन् सांगितलं तर सांगितलं, मंग त्यायनं कशाचं हँडल म्हणून विचारल्यावर तू चूप काऊन बसली? आता ते चिमूरभर सांगून राह्यले की पोट्टा परमुलखात रसाची चरखी फिरवते. असा जावई त्यायच्या कमळासाठी कोण करंल? भाऊजींच्या पत्रात हे वाचलं अन् कागद घेऊन बसलो. (भाऊजी, तुम्ही बाईले हे वाचून दाखवताना हसून राह्यले असाल. हसा. पण मधातलं गाळू नका. मागच्या पत्रात तुमच्या बिड्यांबद्दल लिहिलेलं तुम्ही वाचलंच नाई, हे मले समजलं आहे.)

आता नमस्कार. दोघांच्याही पायावर डोकं ठेवलं असं समजा. बाई, तुझा गुडघा कसा आहे? मोहफुलं वेचाले एकटी जाऊ नको. या दिवसात अस्वल माणसाच्या आधी झाडाखाली येऊन बसते, अन् त्याले तुझ्यासारखंच मधात कोणी बोललेलं खपत नाई. मी बरा आहे. उजवा हात दुखते, डावा मस्त आहे.

तर माही हिशोबाची मशीन काय आहे ते ऐक. आकारानं पायलीपेक्षा थोडी मोठी, पण उचलाले गेलं तर जात्यावानी जड. अंगावर बारके बारके खुंट्यांचे दांडे. जो आकडा पाह्यजे तो खुंट्यांवर लावायचा अन् बाजूचं हँडल फिरवायचं. दोनदा फिरवलं की दुप्पट, तीनदा फिरवलं की तिप्पट, अन् उत्तर खिडक्यांमधून दिसते. वर एक गाडी आहे. ती एक घर सरकवली की खट वाजते, अन् मंग एकदा फिरवलेलं दहादा फिरवल्यासारखं होते. तिले घंटीही आहे. (हे गुणवंतरावाले सांगू नको. चरखीले घुंगरू असतात.)

मी वर्षभर डोक्यावर मातीच्या टोपल्याच वाह्यल्या, हे तुले माहीत आहे. मंग मशीनवरचा माणूस तापानं घरी गेला. मोठे बाबू, म्हणजे आमच्या ऑफिसातले म्हातारे हिशोबनीस, बाहेर येऊन विचारू लागले, इंग्रजी आकडे कोणाले येतात? मी हात वर केला. तिसरीतून पळालेला माणूस इंग्रजी आकडे कुठी शिकला म्हणशील, तर मैलाच्या दगडांवर. पायी चालणाऱ्याले सडक फुकटात शिकवते.

दहा दिवस चांगले गेले. अकराव्या दिवशी एक कागद आला. त्यावर सदतीस गुणिले दहा लिहिलेलं होतं, अन् त्या दहाच्या खांद्यावर एक बारका सहा बसलेला. बाई, मी तो कागद आडवा धरून पाह्यला, उभा धरून पाह्यला. शाईचा डाग म्हणावं तर चांगला घोटून काढलेला सहा. बाबूले विचारावं तर म्हणतील याले येत नाई. मंग माह्या डोक्यात उजेड पडला. आपल्या खळ्यावर दहा पायल्या धान मोजून झालं की घेणाऱ्याचं मन भरावं म्हणून वरून चार-सहा पसे टाकतात ना, तसंच हे. दहा मोजायचे अन् सहा वरून. म्हटलं, सरकारही वरून टाकते, चांगलं आहे. सोळादा हँडल फिरवलं. पाचशे ब्याण्णव आले. सुवाच्य अक्षरात लिहून दिले.

ती होती धरणाच्या एका अंगाची माती, घनफुटात. पाचशे ब्याण्णव घनफूट म्हणजे तीस बैलबंड्या. येवढ्या मातीत आपल्या धानाले पाणी देणाऱ्या बोडीची पाळ सुधरणार नाई. कागद साहेबाकडं गेला अन् साहेब स्वतः खाली आले. (साहेब खाली येतात तेव्हा ऑफिसातले पंखेही हळू फिरतात.) ते म्हणाले, "बांध बनाना है कि चूल्हा?" मंग त्यायनं मले विचारलं की सोळादा काऊन फिरवलं. मी खळ्याचं, पायल्यांचं, पशांचं सगळं सांगितलं. खोटं सुचलंच नाई. साहेब म्हणाले, उद्यापासून याले टोपलीवर पाठवा.

तेव्हा मोठे बाबू उठले. ते तोंड फिरवून हसून राह्यले होते, कारण त्यायच्या गावातही वरून टाकतात. ते साहेबाले म्हणाले, पोरगा मोजाले चुकला नाई, माप त्याच्या गावचं लावलं. संध्याकाळपर्यंत शिकला तर ठेवा, नाई तर टोपली कुठी पळून चालली?

मंग त्यायनं माह्यासमोर मशीनवर सदतीस लावले अन् गाडी सरकवली. खट, खट, खट, अशी सहादा. मंग हँडल फक्त एकदा फिरवलं. सदतीस अन् त्याच्यापुढं सहा शून्यं! बाई, तीन कोटी सत्तर लाख, अन् हाताले घाम नाई. खांद्यावरचा आकडा फिरवायचा नसते, तो सरकवायचा असते, येवढंच. येवढ्याशा आकड्यात येवढा डोंगर मावते हे मले शाळेत कोणी सांगितलं असतं तर मी तिसरीत थांबलो असतो. (नसतो थांबलो. पण चौथीपर्यंत तरी गेलो असतो.)

पुढच्या कागदावर खांद्यावर तीन होता अन् त्याच्यामागं एक आडवी रेघ, वजाबाकीची. मी म्हटलं, रेघ म्हणजे उलटं, अन् हँडल उलटं फिरवलं. घंटी वाजली अन् साऱ्या खिडक्यांत नऊच नऊ उभे राह्यले. आजूबाजूचे कारकून पाहाले आले. बाबूनं सांगितलं, रेघ असली की आकड्याले हातही लावू नको, खिडक्यांवरची दशांशाची पितळेची टिकली तीन घरं मागं ने, म्हणजे तो तेवढा बारका होते. सूर्य बुडेपर्यंत मी अशी चाळीस उत्तरं काढली. बाबूनं एकेक तपासलं अन् शेवटच्या कागदावर सही केली. टोपली टळली. तेव्हापासून आज बावीस दिवस झाले, माह्या हातून एक चूक नाई. गुणवंतरावाले हे सांग.

तुझी माया आहे म्हणूनच तुह्याशी भांडतो. भांडाले इथी दुसरं कोण आहे?

तुहा भाऊ
पत्रू

ता. क. गुणवंतरावाले वरचं काहीच सांगू नको. बाबू म्हणतात पावसाळ्यात कलकत्त्याहून बिजलीची मशीन येणार आहे. तिले हँडल नाई, बटण आहे. बटण दाबाले शिकलेला माणूस ठेवतील, की मले शिकवतील, ते त्यायलेही माहीत नाई. मशीनवाला म्हणून सोयरीक केली अन् दिवाळीले टोपलीवाला जावई दारात उभा राह्यला, असं मले नको. हँडल फिरवते, तेही पावसाळ्यापर्यंत, येवढंच सांग. तू पह्यले सांगितलं तेच बरोबर होतं.

आणखी एक. बापाशी बोलायच्या आधी कमळाले बाजूले घे अन् ते सोळादा फिरवल्याचं तिले सांग. ती बापाच्या खळ्यावर स्वतः माप घेते, तिले बरोबर समजंल. हसली तर चांगलं. नाई हसली तर माह्याजवळ सांगाले दुसरं काही नाई. गेल्या वर्षी चिमूरच्या यात्रेत तिनं मले विचारलं होतं, ओरिसा किती दूर आहे. मी म्हटलं, लय. ती म्हणे, लय म्हणजे किती? मले सांगता आलं नाई. साडेतीनशे मैल आहे म्हणावं.

(भाऊजी, हे एवढं हळू वाचा, बाजूच्या सोनीबाईले ऐकू जाते.)

बाई, मोहफुलं संपली की चिमूरले त्यायच्याकडं जा, त्याच्या आधी नको, गुडघा दुखंल. जाण्यायेण्याची मोटार, नारळ-साखर अन् कमळासाठी एक खण, हिरवा. हिरवा नसला तर तुले आवडंल तो. ती नाई म्हणाली तरी खण तिलेच देऊन ये, वापस आणू नको. मनिऑर्डर आजच केली आहे, रुपये तेवीस.