सुताराच्या पायातली जोडी

४ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

आशीर्वाद रिवाज म्हणून दिलाय, मनापासून नाही. मनातून मी धुमसतोय. फोन लावून चांगलं सुनावणार होतो, पण आईचा नियम आठवला. तुम्ही दोघं भांडण कागदावरच करायचं, म्हणजे हात दुखला की आपोआप आटपतं. माझा हात अजून दुखत नाहीये, तेव्हा ऐक.

आमच्या इनलाइन हॉकीच्या, म्हणजे चाकांच्या स्केट्सवरच्या हॉकीच्या, क्लबात यंदा एक सुतार आलाय. दारं-खिडक्या बसवतो. अंगाने माझ्यासारखाच भरभक्कम, पाय म्हणजे फावडी. इतके दिवस तोही माझ्यासारखाच धडपडायचा, त्यामुळे मला आवडायचा. काल नवे स्केट्स घालून आला आणि असा काही वळला, असा काही थांबला, की मी कठड्याला धरून बघतच राहिलो. कुठून घेतलेस विचारलं, तर म्हणतो, तुमच्या धाकट्या भावाने दिले, फार जीव लावून बसवून दिले हो! जीव लावून! बारक्या, तू घरभेदी निघालास.

बचावातली डावी जागा क्लब सुरू झाल्यापासून माझी आहे. मोसमातल्या शेवटच्या सामन्याला तिथे मी की तो, हे प्रशिक्षक आता ठरवणार. दिवसभर मी लिफ्टच्या खड्ड्यात वाकून ग्रीस पुसतो. चाकांवर उभा राहिलो की मला मी कुणीतरी आहे असं वाटतं. तेही त्या सुताराला देऊन टाकू का?

मला अगदी त्याच्यासारखेच स्केट्स पाठव. तोच नंबर. त्याच्याहून एक नंबरही मोठा नको.

लोभ आहेच. त्यातला सुताराला किती वाटलास तेवढं कळव.

तुझा,
दादा

९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र हातात घेतलं तेव्हाच चटका बसला. अरे, त्याला दुकानाचा पत्ता दिला कुणी? तूच ना? माझा भाऊ असा न् माझा भाऊ तसा, अशा बढाया मारून! आता ये रे बैला, मार मला, अशी गत झाली तुझी. माणूस मात्र गोड आहे हो. गप्पिष्ट आहे, आणि उभा राहा म्हटलं की मुकाट उभा राहतो.

शेजाऱ्याच्या पायातले बघून स्केट्स घ्यायचे नसतात. तुझी जुनी खोड मला ठाऊक आहे. रुंदी मिळावी म्हणून तू लांबीला मोठा बूट घेतोस, मग टाच आत पोहते, मग तू मोज्यावर मोजे कोंबतोस. आपल्यासारख्या रुंद पायांनी लांबी बरोब्बर घ्यायची आणि साचाच रुंद मागायचा. बूट घोट्याशी ताठ हवा, नाहीतर आपल्या वजनाने आत कलंडतो. चाकं धरणारी खालची पट्टी धातूची घ्यायची, प्लास्टिकची आपल्याखाली वाकते. चाकंही जरा कडकच बरी. मऊ चाकं आपल्याखाली चपटतात आणि आपला निम्मा जोर तीच खातात.

आता माप. संध्याकाळी कामावरून आलास की जाड कागदावर उभा राहा, दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून. वजनदार माणसाचा बसून काढलेला पाय खोटा असतो, उभं राहिलं की तो पसरतो. पेन्सिल सरळ हवी, आणि रेघ वहिनींना ओढू दे. वजनही खरं कळव. सगळ्यात बरं म्हणजे तूच ये. दोन वर्षं नुसतं येतो येतो म्हणतोयस.

माया पातळ होऊ देऊ नकोस, रागाचं काय ते मी बघून घेईन.

तुझा,
बारक्या

१५ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

माप सोबत आहे. रेघ मीच ओढली. तुझ्या वहिनीला यात आणायचं कारण नाही, कारण तिलाही तो सुतार हसतमुख वाटतो. मी काय सुतकी चेहऱ्याने फिरतो?

पाय पाहून थक्क होशील. सुतारापेक्षा माझा पाय चांगला बोटभर अरुंद निघालाय. क्लबातल्या भिंतीवर त्याने टेकवलेल्या पावलाचा धुळीचा ठसा आहे, त्याला मी आपला पाय लावून बघितला. वजनही त्याच्याहून कमी भरलं. तेव्हा ते रुंद साचे तुझ्या लाडक्या गिऱ्हाइकाला दे, मला साधा पाठव.

यायचं म्हणशील तर जमणार नाही. येऊन काय करू? ज्या स्टुलावर त्याला बसवलंस त्याच स्टुलावर मला बसवशील. तुझ्या पत्रात माझ्या खोडी तेवढ्या आल्या, आणि तो मेला गोड!

लोभ चमचाभर का होईना, माझ्याकडे जास्त असावा.

दादा

२० मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा पाय मिळाला. वयाबरोबर पाय रुंदावतो असं आम्ही गिऱ्हाइकांना सांगतो. तुझा मात्र शाळेत होता त्याहून नाजूक झालाय! एकदाच विचारतो, उभा होतास ना?

सामना तोंडावर आलाय, म्हणून तुझ्या शब्दावर विसंबून जोडी पाठवतोय. बोटांना मुंग्या आल्या तर लगेच काढ. हट्टाला पेटू नकोस, एवढं धाकट्याचं ऐक.

जिंकून ये. हरलास तरी माझाच आहेस.

बारक्या

२ एप्रिल

चि. भाऊजींना,
अ. उ. आ.

यांना न सांगता लिहितेय. तुम्ही काळजीत असाल, म्हणून सगळं सांगते.

ते माप यांनी पलंगावर बसून काढलं. पाऊल कागदावर नुसतं टेकवलेलं, पेन्सिल आत कलती. वजन केलं तेव्हा एक हात कपाटावर होता. मी दारातून पाहिलं आणि गप्प बसले, चुकलंच माझं. पण त्या सुतारापेक्षा आपण जाड नाही, हे त्यांना कुणाकडून तरी ऐकायचंच होतं. मग कागदाकडूनच वदवून घेतलं.

प्रशिक्षकांनी जुना माणूस म्हणून डावी जागा यांनाच दिली आणि सुताराला राखीव ठेवलं. सामना सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल, हे पाय ओढायला लागले. दोनदा आपल्याच गड्यावर आदळले. प्रशिक्षकांनी बाहेर बोलावलं आणि सुताराला आत पाठवलं. हे बाकावर बसून त्याचं एकेक वळण डोळ्यांनी गिळत होते. मला तर बघवेना.

मध्यंतरात सुतार आला आणि यांच्या पायांकडे बघत उभा राहिला. यांनी बूट काढले होते. बोटं एकावर एक चढलेली, कडा लालबुंद.  तो खाली बसला, स्वतःचे स्केट्स सोडले आणि यांच्यापुढे ठेवले. म्हणाला, माझं अर्धं झालं, उरलेलं तुम्ही खेळा. हे नको म्हणायला तोंड उघडतात तोवर पाय आत गेला होता! आणि काय सांगू भाऊजी, नाडी ओढायच्या आधीच टाच जागेवर बसली. पुढे जे खेळले ते मी लग्न झाल्यापासून पाहिलं नव्हतं. एकाला म्हणून पुढे सरकू दिलं नाही. सामना बरोबरीत सुटला. सुतार अनवाणी उभा राहून सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता.

रात्री हे घरी जेवायला बसले. जेवताना एवढंच म्हणाले, त्याचा बूट मला माझ्या बुटापेक्षा बरा कसा बसतो? घालताना जीव जळत होता, पाय मात्र नाही. तेव्हापासून हाच घोर लावून घेतलाय.

सोबत पुठ्ठा पाठवतेय. काल संध्याकाळी न्हाणीघराबाहेर आरशासमोर पसरून ठेवला होता. हे ओल्या पायांनी त्यावर उभे राहून केस विंचरत होते, उरलेत तेवढे. ठसा वाळायच्या आत मी रेघ ओढून घेतली. उभ्याने, पुऱ्या वजनाने, तुम्ही सांगितलं होतंत तसं.

दोघा भावांचं गूळपीठ पुन्हा जमावं, एवढीच इच्छा.

तुमची,
वहिनी

७ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनींनी तुझा खरा पाय पाठवला. त्यांच्यावर डाफरू नकोस. हा पाय मला डोळे मिटूनही ओळखता येतो. लहानपणी तुझे जुने स्केट्स मला यायचे, तेव्हा तुझ्या बोटांनी आत पाडलेले खळगे माझ्या बोटांना लागायचे.

सुताराचा बूट तुला का बसतो? कारण तो तुझाच आहे.

दोन वर्षांपूर्वी येतो म्हणालास, तेव्हा ती जोडी मी तुझ्यासाठी मागवली. बूट भट्टीत तापवून ताणला. डाव्या करंगळीशी जरा जास्तच, तिथे तुझं हाड वर आलंय म्हणून. मग माळ्यावर ठेवली. दुकानाचे मालक विकून टाक म्हणायचे, मी म्हणायचो, दादा येतोय. तू आला नाहीस. आला तो सुतार. तुझ्यासारखाच दारातून वाकून आत आला, आणि दर आठवड्याला तुझ्या खांद्याला खांदा लावून खेळतो म्हणाला. दादा, माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तुझ्याबरोबर शेवटचा कधी खेळलो ते मला आठवतसुद्धा नाही. आणि हा कोण कुठला! रागाच्या भरात माळ्यावरून जोडी काढली आणि त्याच्यापुढे आदळली. घे बाबा, भाऊ घेतलास, हेही घे. त्या भल्या माणसाला वाटलं, मी जीव लावून दिली.

जीव लावला होता तो तुझ्या पायांना.

पुठ्ठ्यावरून दुसरी जोडी करता येईल. पण मी करणार नाही. पाय घेऊन आलास तरच करीन.

रागावलेला,
बारक्या

१२ एप्रिल

चि. बारक्यास,
अ. उ. आ., या वेळी मनापासून.

तुझं पत्र सुताराला वाचून दाखवलं. कान पकडून म्हणाला, जोडी परत घ्या. मी म्हटलं, असू दे, आता तीत तुझी बोटं बसलीत. म्हटलं खरं, पण तो वळला की अजून पोटात दुखतं. ते दुखणं काही जायचं नाही.

शनिवारी येतोय. दिवसभर काम करून निघेन, म्हणजे पाय पोचेपर्यंत पुरता पसरलेला असेल. सुतारालाही यायचं होतं, त्याची चाकं बदलायची आहेत. मी त्याला पुढच्या महिन्यात जा म्हणून सांगितलं. आधी माझा पाय. मी दोन्ही पायांवर उभा राहीन, पेन्सिल तू धर.

तुमच्या दुकानामागे फरशीचं आवार आहे ना? डावी जागा माझी, उजवी तू घे. माझे जुने, लांबीला मोठे स्केट्स आणतोय. नावाचाच बारक्या तू, पाय माझ्याहून लांब, तुला ते बरोब्बर होतील. मोजे कोंबू नकोस. बोटांचे खळगे आत तसेच आहेत.

तुझा,
दादा