गेटसमोरचे अठ्ठावन्न ग्लास

शिरगाव, बदलापूर (पूर्व)
रविवार, दुपारचे तीन

ती. कुंदाताईस,

विष्णूचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक. तिकडे ठीक नाही हे मला ठाऊक आहे, त्यामुळे खुशाली कळवण्याची विनंती करत नाही. गुडघा कसा आहे तेवढे कळव. उजवा. डाव्याची चौकशी नंतर करीन (तो अजून रांगेत आहे). शालनला गेल्या आठवड्यात सर्दी होती, ती आता मला आहे. घरात तेवढीच एक गोष्ट आम्ही वाटून घेतो, असे तिचे म्हणणे.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. पण तू नऊ दिवस माझा फोन उचललेला नाहीस. ऋता उचलते आणि सांगते की आई झोपल्यात. सकाळी अकराला तू झोपलेली असतेस, दुपारी चारला असतेस, संध्याकाळी सातलाही असतेस, आणि मागे कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी हुज्जत घालणारा तुझा आवाज मला ऐकू येतो. सून सासूसाठी इतके खोटे बोलते हे पाहून बरे वाटले. पुष्करने बायको चांगली केली. शेअर मात्र वाईट निवडला, आणि आपल्या दोघांचे जे काही झाले ते तिथून सुरू होते.

सगळे तुला माहीत आहे. तरीही क्रमाने लिहितो, कारण क्रमाने लिहिल्याशिवाय माझी चूक नेमकी कुठे झाली हे मला दिसत नाही. (एकतीस वर्षे तपासणी खात्यात काढली. नाकारलेल्या मालाचा अहवाल असाच लिहायचा असतो.) मागच्या दिवाळीत पुष्कर म्हणाला, की जगात आता प्रत्येक वस्तूत चिप बसणार, पंख्यात बसणार, फ्रिजमध्ये बसणार, आणि त्रिबिंदू सेमिकॉन नावाची कंपनी आपल्या अंबरनाथच्या एमआयडीसीत त्या चिपा तपासून डबीत बंद करते. तू गुडघ्यासाठी ठेवलेले पैसे सहा महिने तिथे ठेवले, तर एका गुडघ्याच्या पैशात दोन होतील. तू मला विचारलेस. मी म्हणालो की कंपनी जवळची आहे, जाऊन बघता येते. एवढेच म्हणालो. पण मी म्हणालो.

त्यानंतर मंदी आली. ती अंबरनाथची नव्हती, जगाची होती. लोकांनी नवे फोन घेणे थांबवले, कारखान्यांनी भीतीपोटी आधीच दुप्पट चिपा भरून ठेवलेल्या होत्या, आणि सगळी गोदामे तुंबली. याचा तुझ्या उजव्या गुडघ्याशी संबंध असेल असे आपल्या घराण्यात कोणाला वाटले नसते. पुष्करने तुला आणि मला त्या कंपनीच्या भागधारकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर घातले. 'चिप परिवार (फक्त सिरियस)'. तीनशे बारा माणसे. चालवणारा समीर, अंबरनाथचा, मोबाईलची कव्हरे विकतो. तिथे सकाळी सात वाजता कमळाच्या चित्रासह सुप्रभात येते आणि सव्वासातला तैवानची बातमी येते. सगळे एका चक्राची वाट पाहत असतात. मंदी चक्रासारखी फिरते, तळ गाठते, मग वर जाते, असे समीरचे म्हणणे. तळ फेब्रुवारीत आला असे त्याने जाहीर केले. मार्चमध्ये आणखी एक आला. एप्रिलमध्ये जो आला त्याला त्याने 'खरा तळ' म्हटले, तेव्हा आधीच्या दोन तळांवर खरेदी केलेल्या माणसांनी फुले पाठवली. मी हे सगळे वाचत असे. का वाचत असे, ते पुढे येईल.

मार्चमध्ये मी जुन्या कंपनीच्या पतपेढीत सहीसाठी अंबरनाथला गेलो. सही करणारा साहेब अजून आलेला नव्हता. म्हणून त्रिबिंदूच्या गेटसमोर रघूची टपरी आहे, तिथे बसलो. रघू चामटोलीचा. तारेच्या जाळीत ग्लास लावून तो कंपनीत चहा पाठवतो. मी बसलो आणि ग्लास मोजले. मुद्दाम नाही. माझ्यासमोरून एकसारख्या वस्तू गेल्या की मी मोजतोच, हे तुला लहानपणापासून माहीत आहे (तू माझ्या पुढ्यातल्या करंज्या कमी करायचीस तेव्हापासून). सव्वीस ग्लास आत गेले. घरी येऊन मी ग्रुपवर लिहिले: आज सकाळी दहा वाजता आत चहा सव्वीस.

ताई, निवृत्तीला आठ वर्षे झाली. या आठ वर्षांत माझ्या एकाही आकड्याला कोणी उत्तर दिलेले नाही. त्या दिवशी एकशे चाळीस लोकांनी अंगठे दाखवले. समीरने लिहिले की तैवानच्या बातम्या विसरा, हा खरा जमिनीवरचा रिपोर्ट आहे. उल्हासनगरच्या चंदर नावाच्या माणसाने मला 'विष्णुपंत सर' म्हटले. दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी पुन्हा टपरीवर होतो. पतपेढीत काही काम नव्हते.

मग ते रोजचेच झाले. डबा घेऊन जाऊ लागलो. शालन म्हणाली, या घरात चहा किती होतो तो कधी मोजलात का. मी म्हणालो, आपल्या घराचे शेअर नाहीत. दुसऱ्या दिवसापासून तिने डबा दिला नाही.

आता चूक. एप्रिलमध्ये गटाराचे काम निघाले आणि रघूची टपरी कोपऱ्यापलीकडे गेली. तिथून गेट दिसत नाही. मी रघूलाच विचारू लागलो, आज किती. तो सांगे, मी लिही. दुसऱ्याचा आकडा स्वतःच्या सहीने लिहायचा नाही, ही तपासणी खात्यातली पहिल्या दिवसाची शिकवण. असे करणाऱ्या दोन मुलांना मी घरी पाठवले होते. आणि मी लिहिला. एकतीस. चव्वेचाळीस. अठ्ठावन्न. जगात मंदी आणि अंबरनाथला चहा वाढतो आहे, म्हणजे चक्र फिरले, असे समीरने मोठ्या अक्षरांत लिहिले. टपरीभोवती माणसेही वाढली होती. उभी राहायची, फोनमध्ये बघायची, दबक्या आवाजात बोलायची, अधूनमधून कोपऱ्यापर्यंत जाऊन गेटकडे पाहून यायची. मला वाटले, कंपनीने नवी भरती काढली असावी. तसेही मी ग्रुपवर लिहिले.

तुझे याच काळात सुरू झाले. डॉक्टर तारीख देत होते आणि तू म्हणत होतीस, विष्णूचा चहा वाढतो आहे, थोडे थांबू. तिसरा मजला, लिफ्ट नाही. तू खाली उतरणे सोडून दिलेस. भाजीवाला वर बोलावू लागलीस. हे मला ऋताने सांगितले, तू नाहीस. त्या गुरुवारी सकाळी तुझा निरोप आला, ग्रुपवर नव्हे, मला एकट्याला. 'विष्णू, डॉक्टर तारीख नक्की करायला सांगतात. विकू की थांबू?' मी तेव्हा घरीच होतो. आदल्या दिवशीचा आकडा हाताशी होता. मी उत्तर दिले, 'चहा ५८.' तू तारीख सोडलीस. मी टपरीवर गेलो.

तिथे माझ्या शेजारी एक जाडसर गृहस्थ दोन ग्लास घेऊन उभे होते. ते माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, "काका, तुम्ही पण गिनतीला आला काय? तो विष्णुपंत रोज टाकतो ना. आजकाल भरोसा कोणावर ठेवायचा, म्हणून मी खुद आलो."

ते चंदर होते. उल्हासनगरला जीन्सची बटणे विकतात. त्यांनी मला बाकीच्यांची ओळख करून दिली. हा कल्याणचा, हा वांगणीचा, हे दोघे भाऊ ठाण्याहून मोटरसायकलवर. त्या सकाळी टपरीवर तेवीस माणसे होती आणि तेवीसही चिप परिवारातली होती. मी आकडा टाकत होतो, आकडा वाचून ती येत होती, येऊन चहा घेत होती, रघू तो चहा मला सांगत होता आणि मी तो ग्रुपवर टाकत होतो. कोणी एक ग्लास घेऊन थांबत नव्हते. वाट पाहायची म्हणजे निदान दोन होतात.

मी रघूला बाजूला घेतले आणि विचारले, आत किती जातात. तो म्हणाला, अकरा. महिन्याभरापासून अकराच. मी म्हणालो, मला कधी सांगितले नाहीस. त्याने फडके पिळले.

"तुम्ही किती ते इचारलंत, साहेब. कुनाला ते कधी इचारलंत?"

एकतीस वर्षांत माझ्या खात्यातल्या एकाही अहवालावर इतका नेमका शेरा कोणी मारला नव्हता.

पुढचे तू वाचलेच आहेस. शुक्रवारी मी ग्रुपवर सगळे खरे लिहिले. आत अकरा, बाहेर आपणच. मला वाटले, शिव्या मिळतील. तशा मिळाल्या असत्या तर बरे झाले असते. समीरने लिहिले, 'घाबरू नका. काका आपल्याला घाबरवून स्वस्तात माल गोळा करतायत.' पुन्हा फुले आली. चंदर, ज्यांनी त्याच सकाळी कोपऱ्यापर्यंत येऊन माझ्याबरोबर ते अकरा ग्लास मोजले होते, त्यांनीही फूल पाठवले. शनिवारी टपरीवर एकतीस माणसे होती. रघूने दुसरी शेगडी घेतली. मला विचारले, सोमवारी येणार का. सोमवारी भाव पडला, मंगळवारी आणखी पडला, आणि समीरने चौथा तळ जाहीर केला.

आणि तू ऋताकरवी निरोप दिलास, की भाव तुझ्या खरेदीला परत येईपर्यंत विकणार नाही, आणि गुडघ्याचा विषय माझ्याशी काढायचा नाही. ताई, त्या भावाला तुझा गुडघा माहीत नाही. तो येईल किंवा येणार नाही. ग्रुपवरची तीनशे दहा माणसे थांबू शकतात, कारण ती थांबली तरी जिने उतरू शकतात. मी पुष्करला विचारले आहे. आज विकलेस तर एक गुडघा अजूनही होतो. दोन होणार होते, एक होईल. मुळात बेत एकाचाच होता.

आणखी काय लिहावे. सर्दी आहे. शालन नमस्कार सांगते (खरे म्हणजे तिने 'बसा आता लिहीत' एवढेच म्हटले). पुष्करला रागावू नकोस, ऋताला माझा आशीर्वाद.

तुझा,
विष्णू

ता. क. वर लिहिले आहे की तुझा निरोप आला तेव्हा मी घरी होतो. ते खरे नाही. तुझ्या फोनवर वेळ दिसते, बारा वाजून वीस. तेव्हा मी टपरीवर होतो, चंदर बोलून झाले होते, रघू बोलून झाला होता, आणि ग्लास माझ्या हातात होता. मी तीनदा 'वीक' असे लिहिले आणि तीनदा खोडले. तसे लिहिले असते तर का ते सांगावे लागले असते. त्या तेवीस माणसांत तेव्हा अजून कोणी मला ओळखले नव्हते, आणि ग्रुपवर मी अजून विष्णुपंत सर होतो. चहा ५८ लिहायला सोपे होते.

ता. क. २. तू दोनदा विचारलेस, माझे त्या कंपनीत किती आहेत. मी म्हणालो होतो, बेताचे. माझा एकही शेअर नाही. कधीच नव्हता. त्यासाठी जे खाते लागते तेही मी उघडलेले नाही. समीरचा आरोप तेवढ्यापुरता चूक आहे. मी फक्त मोजायला जात होतो.

ता. क. ३. मुख्य काम राहिले. मी दवाखान्यात जाऊन आलो. पुढच्या महिन्याची नऊ तारीख मिळते आहे. पेशंटने स्वतः होकार दिल्याशिवाय ते नाव लिहीत नाहीत, भावाचे चालत नाही. (बरोबर आहे त्यांचे.) बुधवारी सकाळी अकराला मी फोन करीन. तेवढ्या वेळी झोपू नकोस. नाही म्हणायचे असेल तर नाही म्हण, पण तू म्हण. नंतरचे सहा आठवडे मी तिकडे राहायला येईन. शालनची हरकत नाही, तिने बॅग काढूनही ठेवली आहे.

ता. क. ४. तू नेहमी म्हणतेस की तुझ्या दारापर्यंत साठ पायऱ्या आहेत. चौपन्न आहेत. काल चढताना मोजल्या आणि उतरताना पुन्हा मोजल्या. आतून तुझा आवाज येत होता. बेल वाजवली नाही.