मोटर सेट आहे, आई

सौंसर
रविवार, २० जुलै २०२५

चि. योगेश यास आईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत, तूही बरा असशील असं धरून चालते. फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर माझं अर्धं वाक्य होत नाही तोच तू "सगळं सेट आहे ना?" विचारतोस आणि मी "हो" म्हणून मोकळी होते. म्हणून हे लिहिणं.

या एका शब्दानं मी वैतागले आहे. तुमच्या इंग्रजीत दुसरा शब्दच उरला नाही का? शेजारच्या वंदनाची मुलगी लग्न होऊन छिंदवाड्याला गेली, तर ती सेट झाली. आहेरात कपबशा आल्या, तोही सेट. रामाजीचा मुलगा तिसऱ्यांदा कसलीशी परीक्षा देतोय, तीही सेट. अडलेलं काम सेटिंगनं होतं. एवढंच काय, झाडावर बारीक फळ टिकलं की तुझे बाबाही म्हणतात, "सेट झालं."

आणि एप्रिलमध्ये तू आलास, विहिरीवरच्या मोटरला ते फोनचं बटण जोडलंस, तुझ्या फोनमध्ये टाकलंस, माझ्याही टाकलंस. वर म्हणालास, "मोटर सेट आहे, आई. पुण्यातूनही चालू-बंद होते. तू टेन्शन नको घेऊ."

यंदा संत्र्याला मृगाचं फूल आलं नाही. फूल धरावं म्हणून मे महिनाभर झाडांचं पाणी तोडून त्यांना ताणावर ठेवलं होतं आणि नेमकं मधेच बागेला पाणी गेलं. झाडं नुसती पालवी काढून बसली. बाबांनी तुला फोनवर झापलं ते मी ऐकत होते. "पुण्यात बसून बगीचा होत नाही बाबू. तू आपली नोकरीच कर. माह्या झाडाईले हात नको लावू." आणि नोकरी सोडून बाग सांभाळायला येतो म्हणणारा तू त्यांची माफी मागत होतास. त्या बटणाचा टायमर तुझ्याकडून चुकीचा सेट झाला असेल, म्हणालास. फोन स्पीकरवर होता. मी बाजूलाच तांदूळ निवडत होते.

परवा म्हणालास की पुण्यातच फ्लॅट घेतो, येत्या शनिवारी सही आहे, एकदाचा सेट होतो.

योगेश, ते पाणी तुझ्यामुळे गेलं नाही.

सतरा मेचा शनिवार होता. बाबा लग्नाला पांढुर्ण्याला गेले होते. मी गोधड्या धुवायला काढल्या, टाकं रिकामं होतं, म्हणून फोनवरचं बटण दाबलं. गोधड्या धुतल्या, वाळत टाकल्या. तेवढ्यात वंदनाची हाक आली, जामसांवलीला देवाला जायची गाडी दारात उभी होती. घाईत टाक्याचा कॉक बंद केला. तो बंद केला की पाणी बागेच्या नळीत वळतं, हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे. मोटर बंद करायची राहिली. संध्याकाळी परत आले तर प्रत्येक झाडाखाली चिखल.

दुसऱ्या दिवशी बाबांनी ओली माती पाहिली आणि म्हणाले, "पोट्ट्यानं पुण्यातून चालू केली वाटते." मी म्हणाले, "केली असेल."

भीती नव्हती वाटली. लाज वाटली. ताणाच्या दिवसांत मी कुणाला टाक्याकडे फिरकू दिलं नाही. तू सात वर्षांचा असताना मोटर लावून टाक्याच्या धारेखाली आंघोळ केलीस म्हणून तुला छडीनं मारलं होतं. त्या मलाच हे सांगायला दोन महिने लागले.

आज सकाळी बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकलं, चपला घातल्या आणि बागेत निघून गेले. मी दोनदा चहा गरम केला. परत आल्यावर कप हातात घेऊन म्हणाले, "ते बटण बंद कसं करतेत, इचार त्याले. आला का मले दाखवजो म्हणा." याहून जास्त त्यांच्या तोंडून निघणार नाही, वाट पाहू नकोस.

उद्या सकाळीच हे स्पीड पोस्टानं टाकते. फ्लॅट तुला हवाच असेल तर खुशाल सही कर. पण बाबा बोलले म्हणून करत असशील, तर ते बोलणं माझ्या वाट्याचं होतं. तू ते उगाच घेऊन बसला आहेस.

मोटर चालू ठेवून देवाला गेलेली,
तुझी आई