झटकण्यात भांडी येत नाहीत

शिराझ, ३ इस्फंद, सकाळ
चहा पिता पिता फरांगीसने जाहीर केलं, "मास्तर, यंदा खाने-तकानी लवकर. कानाकोपरा झाडून काढायचा." खजूर घशात अडकला. नवरोजला अजून जवळजवळ महिना आहे!
तिच्या आईचा निळा वाडगा मेहर महिन्यात माझ्या हातून फुटला. डिंकाने जोडून रजयांच्या चळतीत दडवलाय. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली. फरांगीस दर नवरोजला त्यातच गहू रुजवते. भीती वाटते. खरंच वाटते.
ठराव: उद्या सांगून टाकायचं.

४ इस्फंद
नाही सांगितलं. तिचं डोकं दुखत असावं.

९ इस्फंद
युक्ती सापडली! तीस वर्षं फारसी शिकवली ती उगाच नाही. बायकोला शब्दच फोडून सांगितला. खाने म्हणजे घर, तकानी म्हणजे झटकणं. जे झटकता येतं, तेवढंच त्यात येतं. भांडी कुणी झटकतं का? सबब, भांड्यांकडे बघायचंच नाही. "बरं, मास्तर," म्हणाली. मुद्दाच बिनतोड.

१० इस्फंद
गालिचे मीच झटकले. अर्थ ज्याला कळतो त्याने झटकावं, म्हणे. कंबर गेली. वाडगा सुरक्षित.

१५ इस्फंद
गहू भिजत पडलेत. "आईचा वाडगा कुठं दिसेना," म्हणाली. मनात पाप आलं: एक लहानसा भूकंप व्हावा, त्या एका खोलीपुरता. लगेच तौबा केली.
ठराव: शुक्रवारी वाडगा दुसरीकडे हलवायचा. शुक्रवारी नक्की.

१७ इस्फंद, दुपार
माझ्याच व्याख्येत रजया येतात, हे आज अकरा वाजता लक्षात आलं. धावत गच्चीवर गेलो. तिने रजईचं एक टोक माझ्या हातात दिलं. "धरा." म्हटलं, "अगं थांब, एक शब्द—" "शब्द पुरे झाले," म्हणाली आणि झटकली.
सातही रजया झटकल्या. काहीच पडलं नाही.
आता जास्त भीती वाटते.

२५ इस्फंद
आज चोरून रजयांची चळत पुन्हा चाचपली. वाडगा नाहीच. ठराव: उद्या सांगायचंच.

१ फरवर्दीन, नवरोज
टेबलावर नवरोजची मांडणी, तिच्या मधोमध निळा वाडगा. त्यात हिरवेगार गहू. माझा डिंक पाण्याने सुटला असता. तिने तुकडे काढून पक्के जोडलेत.
"मेहरमध्येच सापडला होता," म्हणाली. "पाच महिने वाट बघितली, मास्तर. वाडगा फुटला त्याचं रडून झालं माझं. तुम्ही सांगितलं नाहीत, त्याचं अजून व्हायचंय."
मग तिने वाडगा फिरवून तडा माझ्या खुर्चीकडे केला. नवरोजची मांडणी तेरा दिवस हलवत नाहीत.