दोन्हीकडे पाच

३ फेब्रुवारी, सोमवार

आता घर मोजणार म्हणे! कामाने घर किती बिघडतं नि घराने काम किती — आकड्यात. मॅनेजर चिमणभाईंनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं. मुंबईच्या कॉलेजातून योगिता मॅडम येणार, साठ जणांचे फॉर्म भरून घेणार. मी म्हटलं, "शेठ, मोजायचं काय त्यात? बारा तासांनी घरी गेलो की कुत्रं भुंकतं अंगावर." हसले. म्हणाले, "ए ज तो, लक्ष्मण! तेच तर मोजायचंय. रिपोर्ट खराब आला तर आठ तास परत. चांगला आला तर बारा कायम. आपण कागदावर चालणारी माणसं."

दिवाळीत मोठी ऑर्डर आली म्हणून पाळी बारा तासांची केली होती. "महिनाभरच." आमच्या कारखान्याचे फुगे जगभर फुगले, तो महिना काही संपला नाही.

५ फेब्रुवारी

मॅडम पोर चांगली आहे. पण तिची वाक्यं! चाळीस. प्रत्येकाला आकडा द्यायचा — कधीच नाही म्हणजे एक, नेहमी म्हणजे पाच. 'कार्यजन्य थकव्यामुळे माझ्या कौटुंबिक भूमिकेवर विपरीत परिणाम होतो.' पॅकिंगमधली बुधी म्हणाली, "दादा, ह्यो काय नाटकाचा कागद हाय?"

मॅडमने कपाळाला हात लावला. तिला बायकांची बोली कळेना, बायकांना तिची मराठी. शेवटी ठरलं — मी सुपरवायझर, मीच वाचून समजवायचं, आकडे मीच भरायचे. नाव नाही लिहायचं. फक्त टोकन नंबर, सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचंय म्हणून.

६ फेब्रुवारी

झालं! सगळ्यांचं एकच. "घरी कसं?" — "बरा हाय." "पोरांकडे बघायला होतं का?" — "होतं ना." एक, एक, दोन, एक. आमच्यात परक्याने घरचं विचारलं की हेच. चूल पेटली नसली तरी 'बरं आहे'. घरातलं दुखणं कागदावर? लाज आहे ती. मीही तसाच वाढलो.

पण मला कान आहेत ना! पाळी सुटली की नळावर हातांची पावडर उतरते, तिच्याबरोबर सगळं उतरतं. जयवंती साच्यावरून फुगे सोलते. तलासरीच्या डोंगराकडच्या पाड्यातून टेम्पोने येते. परवा बाजूच्या मशीनवरच्या पुष्पाला सांगत होती — सासू पडून आहे, धाकटीला शेजारी ठेवते. आणि ती पोर आता आईला बघून शेजारणीच्या मागे लपते! त्याच विचारात ओव्हनपाशी हात भाजला, तोही तिने लपवला.

आणि आज माझ्यासमोर बसून काय म्हणते? "सगला बरा हाय, दादा. दोन लिव."

मी पाच लिहिलं. दोन्ही भागांत. पहिला भाग काम घराला काय करतं त्याचा, दुसरा घर कामाला काय करतं त्याचा. दोन्हीकडे पाच. मग आणखी आठ जणींचे तसेच केले, नळावर जे ऐकलं होतं त्यावरून. लबाडी झाली खरी. पण खरं तेच लिहिलं! आठ तास परत आले म्हणजे झालं.

७ फेब्रुवारी

माझाही फॉर्म भरला. सगळीकडे एक. घरी निर्मलाला सांगितलं तर म्हणाली, "मला विचारून तरी लिहायचं होतंत." आणि उठून गेली.

२४ फेब्रुवारी

रिपोर्टचा पत्ता नाही. आज चौदा तास.

१० मार्च, सोमवार

रिपोर्ट आला. चिमणभाई खूश! सरासरी काढली म्हणे. पन्नास जणांच्या 'बरा हाय'ने माझ्या नऊ जणींना गिळलं. बारा तास कायम.

एवढ्यावर थांबतं तर! टेबलावर आमचे फॉर्मच पडले होते. मॅडमने दिले की यांनी मागून घेतले, कोण जाणे. दुसऱ्या भागात पाच असलेले नऊ टोकन नंबर — लाल पेनाने गोल. "जो, लक्ष्मण, बघ — यांचं ध्यान घरी. मशीनवर माणूस आखा पाहिजे." घराने काम बिघडतं, तेवढंच वाचलं. कामाने घर बिघडतं, त्या पानाला लाल पेन टेकलंसुद्धा नव्हतं. बायका कामाला पुरवणाऱ्या ठेकेदाराला फोन झाला होता. नऊ नावं बंद.

मी म्हटलं, "शेठ, हात चांगले आहेत त्यांचे." बस, एवढंच. "तू फार पोचो, लक्ष्मण!" म्हणजे मऊ. आकडे मी भरले, हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दहावा गोल माझा.

याच कंपनीत झाडू मारायला आलो तेव्हा मला सगळे लक्ष्या म्हणायचे. लक्ष्या बोलला असता बहुतेक.

१२ मार्च

होळीच्या तोंडावर नऊ जणी गेटवर. कागदावर पाच आले म्हणून बंद, असं ठेकेदाराने सांगितलेलं. बुधी सगळ्यांत पुढे. "त्या मुंबईच्या बाईने खोटा लिवला! मी दोन सांगलं, तिनं पाच केलं! हात झडो तिचा!"

मी मान हलवली. हो — हलवली! ती पोर तिकडे मुंबईत, शिव्या तिला, आणि मी सगळ्यांचा दादा, पाणी पाजतोय. वर म्हणालो, "शहरातली माणसं, काय करणार." थू!

जयवंतीने माझ्याकडे बघितलं, डबा काखेत मारला नि टेम्पोत चढली.

१७ मार्च

पुष्पा आज आडबाजूला घेऊन म्हणाली, "दादा, जयवंतीला आकडे येतात. चौथी झालेली हाय ती. तुमी पाच लिवलं, तवा समोर बसून बघत होती."

मी म्हटलं, "मग तेव्हाच बोलली का नाही?"

"मी पण हाच विचारला. ती बोलली — दादा लिवतो, म्हंजे आपल्या भल्याचाच लिवत असल."