गुरुवारच्या जेवणाला येऊ नकोस

पिओरिया,
७ ऑगस्ट

प्रिय लोविनाताई,

तुझं जूनमधलं पत्र पोचलं. दाजींची पाठ आता बरी असेल अशी आशा आहे. आईच्या डोळ्यांचं काय झालं ते तू लिहिलं नाहीस. आम्ही नवराबायको ठीक आहोत. म्हणजे अजून एकमेकांशी बोलतोय, त्यावरून ठीकच म्हणायचं.

रॉइसनं निवृत्त झाल्या झाल्या मोटारघर घेतलं, चाकांवरचं घर. तुला वर्णन करून सांगायला नको, दाजींनी कारखान्यात असल्या गाड्यांची कपाटं बसवण्यातच पाठ घालवली. त्यांना विचार, कपाटाची दारं वळणावर उघडून सगळ्या थाळ्या माणसाच्या डोक्यात पडाव्यात, अशी मुद्दाम बसवतात का? रॉइस म्हणतो, "तू कड्या नीट लावत नाहीस." मी म्हणते, "मग तू लाव." तो लावतो, आणि पुढच्या वळणावर त्याच्याच डोक्यात डबा पडतो. तेवढंच समाधान.

आता त्यानं असल्या गाडीवाल्यांच्या क्लबात नाव घातलंय. सप्टेंबरात मेळावा आहे, आमचा पहिलाच. त्याची तयारी म्हणून रोज संध्याकाळी चर्चच्या रिकाम्या आवारात गाडी मागे घ्यायचा सराव. मी मागे उभी राहून हात हलवायचे. "डावीकडे!" मी ओरडते. "कुणाच्या डावीकडे?" तो ओरडतो. काल त्यानं चर्चची पाटी आडवी केली. पाद्री बिचारे बाहेर येऊन म्हणाले, "काही हरकत नाही, जुनीच होती." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. बाहेर सरकणारी भिंत अर्ध्यात अडकते. पाण्याच्या पाइपाला गळती आहे. सांडपाण्याच्या टाकीबद्दल मी लिहीत नाही, तू जेवत असशील.

आणि या सगळ्यावर मार्जीन. ती क्लबची अध्यक्ष. दिवसातून दोनदा फोन करते. मागच्या महिन्यात म्हणाली, "ऑर्फा, तुझा हात शिवणात चांगला आहे म्हणे. शनिवारच्या पार्टीला सगळ्या बायकांनी आमिश टोप्या घालायच्या ठरलंय, ते विजेशिवाय राहणारे, घोडागाडीतून फिरणारे लोक असतात ना, त्यांच्या बायका घालतात तशा. वीस शिवशील का? अगदी सोप्या असतात!"

सोप्या. ताई, मी हो म्हटलं. का म्हटलं ते माझं मलाच कळत नाही. कापड आणलं, आणि हातांनी मला न विचारता चुण्या घातल्या, आईनं शिकवल्या तशा, बारीक. पहिली टोपी इस्त्री करून टेबलावर ठेवली आणि उरलेलं कापड घडी करून कपाटात टाकलं. पुढची मी शिवलीच नाही.

परवा क्लबची बैठक होती. मार्जीननं ती टोपी उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवली, आरशात बघितलं आणि हसत सुटली. मी म्हटलं, "काढ ती."

"अगं, नीट बसली नाही का?"

"प्रार्थनेची टोपी आहे ती. सोंगाची नाही. काढ."

"तुला काय माहीत?"

"मी घालत होते म्हणून माहीत. लग्न होईपर्यंत, रोज."

मला वाटलं, आता यांना लाज वाटेल. छे! मार्जीननं टाळ्या वाजवल्या. "मग तर मजाच! मेळाव्यात फिरायला नेतील त्या बसमध्ये माइकवर तूच माहिती सांग!" कुणीतरी विचारलं, मला घोडागाडी हाकता येते का. रॉइस खिडकीबाहेर बघत होता. परतताना मी त्याला म्हटलं, "एक शब्द बोलला नाहीस." तो म्हणाला, "मला वाटलं, तू सांभाळतेयस." तेव्हापासून मी त्याच्याशी फक्त डावं-उजवं बोलते.

एवढं सगळं लिहिलं, पण जे लिहायला बसले होते ते राहिलंच. मेळावा शिपशेवानाला आहे. तुमच्यापासून तीन मैलांवर. गुरुवारी संध्याकाळी बस आम्हा चाळीस जणांना आमिश घरात जेवायला नेणार आहे. कार्यक्रमपत्रिकेत घराचं नाव छापलंय. लोविना बॉन्ट्रेगर.

हे मला तीन आठवडे माहीत आहे.

मंडळी सोडून गेलेल्यांसाठीचा नियम मी विसरलेले नाही. माझ्याबरोबर एका टेबलावर जेवायचं नाही, माझ्या हातून काही घ्यायचं नाही. बाप्तिस्मा घेऊन मंडळीला वचन देण्याआधी गेले असते तर हे काहीच नसतं. पण मी नंतर गेले, आणि रॉइससाठी गेले, आणि त्याचा मला पस्तावा नाही. तो गाडी कितीही वाईट मागे घेवो. तेव्हा तूच सांग. चाळीस जणांत मला कुठं बसवशील?

तुझी,
ऑर्फा


शिपशेवाना,
१६ ऑगस्ट

ऑर्फा,

पत्र मिळालं. मी आधी रागावले, मग मका उकडायला घेतला, मग पुन्हा रागावले. तीन आठवडे कागद तुझ्या घरात, आणि मला आज कळतंय.

गुरुवारी येऊ नकोस.

चाळीस अनोळखी माणसांना वाढणं हे माझं काम आहे. तुझ्या दाजींचा कारखाना सुटल्यापासून घर त्यावरच चाललंय. ते दिव्यांकडे बघतात, हळूच पडदे चाचपतात, घरात संडास आहे का विचारतात. मला त्याचं काही वाटत नाही. पण त्यांच्यात तू बसलीस, तर "अजून बटाटे घ्या" म्हणत मला तुझ्याही पुढून जावं लागेल. ते मला जमायचं नाही. मंडळीच्या बिशपना मधे आणू नकोस, हे त्यांच्यामुळे नाही. मला जमायचं नाही.

बुधवारी दुपारी ये, मागच्या दारानं. नवऱ्याला आणलंस तरी चालेल. टेबलं दोन असतील, त्याला माझा इलाज नाही. मधे फट ठेवीन ती हात जाईल एवढीच, आणि वरून कापड एकच घालीन.

आईला एका डोळ्यानं काही दिसत नाही, दुसऱ्यानं उजेड-अंधार कळतो. तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. टोपीचा भाग पुन्हा वाचायला लावला. हसली नाही, रडलीही नाही. "ती मार्जीन डोक्यानं अधू आहे का?" एवढंच विचारलं.

लोविना


शिपशेवाना, गाड्यांचा तळ,
१३ सप्टेंबर, शुक्रवार सकाळ

प्रिय ताई,

तीन मैलांवर बसून पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. समोर बसून जे बोलता आलं नाही तेच लिहितेय.

बुधवारी तू जे केलंस त्याबद्दल आभार. कापड सुंदर होतं. पण खरं सांगू? मी सगळा वेळ चिडलेले होते. मी आणलेली जर्दाळूंची बरणी मला टेबलावर ठेवावी लागली, मी हात मागे घेईपर्यंत तू थांबलीस, मग उचललीस. तू ते इतक्या सहज केलंस की मला ओरडावंसं वाटलं. आणि आई! इतक्या वर्षांनी मुलगी समोर बसलीय आणि ती शेजाऱ्याच्या लंगड्या गाईबद्दल बोलतेय. मग माझे केस. "कापलेत ना? आवाजावरूनच कळतं." आवाजावरून केस कसे कळतात ग? रॉइस तिथं काकडीची कोशिंबीर खात बसला होता, जणू दर बुधवारी येतो.

मग कोंबड्यांचं खाद्य घेऊन गाडी आली. तू बाहेर गेलीस, रॉइस पोती उतरवायला गेला. पुढचं तुला माहीत नाही.

आईची कॉफी गार झाली होती. मी चुलीवरच्या भांड्यातून तिचा कप भरला आणि सवयीनं तिच्या पुढे धरला. धरला आणि आठवलं. हात तसाच राहिला. पुढेही नेता येईना, मागेही घेता येईना.

"कोण आहे?" आई म्हणाली.

"मी. ऑर्फा."

"ते कळतंय ग मला. लोविना कुठाय?"

"अंगणात."

तिनं हात पुढे केला. आधी हवेतच चाचपडला, मग माझ्या मनगटाला लागला. तिनं कप घेतला. माझ्या हातून, ताई. आणि दुसऱ्या हातानं माझी बोटं धरून ठेवली, आणि तशीच कॉफी प्यायली, सावकाश, सगळी. मग म्हणाली, "तो माणूस तुला नीट वागवतो का?"

मी म्हटलं, "वागवतो. गाडी तेवढी चालवता येत नाही."

"तुझ्या बाबांनाही घोडं मागे घेता यायचं नाही," ती म्हणाली. तेवढ्यात तुझी पावलं वाजली आणि तिनं माझी बोटं सोडली. तू आत आलीस तेव्हा ती पुन्हा त्या गाईवर आली होती.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला असेलही. पण त्याआधी संतापच आला. एवढंच करायचं होतं, तर तू अंगणात जायची वाट कशाला बघायची? आणि मी तरी कसली वाट बघत होते? कोणावर रागवायचं तेच कळत नाही, म्हणून सगळ्यांवर रागावलेय. हे बिशपना सांगायचं की नाही ते तू ठरव. मी तुला अडवणार नाही. फक्त तुझ्यापासून लपवायचं नव्हतं.

काल मी जेवायला आले नाही. बस गेली, मी गाडीत बसून राहिले. मार्जीन परत आली ती झाकलेलं ताट घेऊन. "घरच्या बाई म्हणाल्या, तुमच्यातली एक कमी आहे, हे तिला द्या. त्यांनी मोजलं कसं ग?" मी ताट घेतलं. तिनं पहिल्यांदाच दुसरं काही विचारलं नाही. जाताना एवढंच म्हणाली, "शनिवारच्या पार्टीत टोप्या नाहीत. मी सगळ्यांना सांगितलंय." बटाटे गार झाले होते तरी मी खाल्ले. ताटातला सफरचंदाचा गोड पाय रॉइसनं संपवला, त्यावरून आमचं भांडण झालं.

क्लब रविवारी सकाळी निघतोय. मी रॉइसला सांगितलंय, मी निघत नाही. "किती दिवस?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "विचारू नकोस." तो बाहेर गेला. मला वाटलं, चिडला. बघते तर पाण्याचा पाइप पुन्हा नीट जोडत होता, लांबच्या मुक्कामासाठी जोडतात तसा.

पुढच्या बुधवारी दुपारी मी मागच्या दाराशी असेन. नको असेल तर कडी लाव. मी रागावेन, पण त्याच्या पुढच्या बुधवारी पुन्हा येईन.

तीन मैलांवरून,
तुझी धाकटी,
ऑर्फा